बोल्ट बसला म्हणजे शॉकअप जुळला असं नाही

मागच्या ॲक्सलचे नवे शॉकअप बसवायला गाडीखाली शिरलो तेव्हा सगळं इतकं बिनबोभाट पार पडलं, की तिथेच संशय यायला हवा होता. वरची दांडी चॅसिसच्या भोकात अलगद गेली, खालच्या डोळ्यातून, म्हणजे टोकाच्या कड्यातून, बोल्ट बोटाने ढकलला तरी सरकला, नट आवळले, हात पुसले. मेकॅनिक म्हणाला, "बघा साहेब, कंपनीतूनच आल्यासारखा बसला!" दोन दिवस गाडी खरंच छान चालली. तिसऱ्या दिवशी पाच माणसं आणि मागे ठासून भरलेलं सामान घेऊन एका उंच गतिरोधकावरून उतरलो आणि मागून आवाज आला, ठक्क. ॲक्सल रबरावर आदळला की धप्प असा आवाज येतो. हा तो नव्हता. हा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज होता.

विकणाऱ्याने गाडीचं नाव विचारलं होतं, साल विचारलं होतं, यादीवरून बोट फिरवून "हाच तुमचा" असं सांगितलं होतं. यादी खोटी नव्हती. शॉकअप माझ्या मॉडेलचाच होता, पण दोन इंच उचललेल्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेल्या, मॉडेलचा. "न उचलता पण चालतो की" हे वाक्य त्याने पदरचं जोडलेलं. बुश (डोळ्यातलं रबरी अस्तर), बोल्ट, भोकं सगळं जुळत होतं. जुळत नव्हते ते २२ मिलिमीटर, आणि ते बाहेरून दिसत नव्हते.

हे २२ मिलिमीटर कुठून आले ते एकदा कळलं, की एसयूव्हीला बाहेरच्या कंपनीचा शॉकअप शोधण्यातली निम्मी गोम हाती लागते. म्हणून त्या हिशेबापाशी मी बराच वेळ थांबणार आहे. त्याआधी शॉकअप करतो काय, तेवढं पाहून घेऊ.

नाव एक, काम दुसरं

खड्ड्याचा दणका शॉकअप शोषून घेतो असं त्याच्या मूळ नावावरून, शॉक ॲब्सॉर्बरवरून, वाटतं. दणका पोटात घेते ती स्प्रिंग. अडचण अशी, की स्प्रिंग घेतलेलं सगळं परत करते. दबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर होडीसारखी डुलत राहील. हे डुलणं मारायचं काम शॉकअपचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. दट्ट्या हलला की तेलाला त्या चिंचोळ्या वाटेने जावं लागतं, त्यात हालचालीचा जोर खर्च होतो आणि तेल तापतं. खराब रस्त्यावर तासभर दामटल्यावर शॉकअपची नळी चांगलीच गरम लागते. उसळीचं रूपांतर उष्णतेत झाल्याचा तो हाताला कळणारा पुरावा. हात मात्र बेताने लावा.

या एका नळीला दोन अगदी वेगळ्या लयी आवरायच्या असतात. गाडीचं धड सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होतं, तर चाक आणि त्याच्यासोबत हलणारं लोखंड सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. कारखान्यात झडपा बसवताना गाडीचं वजन, स्प्रिंगचा कडकपणा, ॲक्सलचं आणि चाकाचं वजन हे सगळं धरून त्या लावलेल्या असतात. म्हणून "शॉकअप सगळे सारखेच, लांबी तेवढी बघा" हे जितकं चूक, तितकंच "जाडजूड आहे म्हणजे भारी आहे" हेही चूक.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढतो. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. मागून गाडी बसली म्हणून शॉकअप बदलणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. नवे शॉकअप लागतात आणि गाडी तितकीच बसलेली राहते, कारण थकलेली असते ती स्प्रिंग किंवा पाटे. याला एक अपवाद आहे, आणि तो चांगलाच महागात पडणारा आहे. त्याकडे पुढे येतो.

तीन लांब्या आणि एक रबरी ठोकळा

शॉकअपला दोन लांब्या असतात. पूर्ण दाबल्यावरची बंद लांबी आणि पूर्ण ताणल्यावरची उघडी लांबी. दोन्हींतला फरक म्हणजे त्याची धाव, म्हणजे स्ट्रोक. तिसरी लांबी शॉकअपची नसते, गाडीची असते. गाडी चाकांवर उभी असताना वरच्या आणि खालच्या पकडीत जे अंतर असतं, ती उभी लांबी. या तीन आकड्यांत सगळा खेळ आहे.

माझ्या गाडीचे आकडे देतो. त्या ठक्कनंतर मी ते टेप घेऊन मोजले. आधी मोजायला हवे होते, पण शहाणपण नेहमी उशिरा येतं. मागे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, आणि शॉकअप जवळजवळ सरळ उभे आहेत, त्यामुळे हिशेब सोपा. गाडी सपाट जमिनीवर, उभी लांबी ४६० मिलिमीटर. चॅसिसखाली एक रबरी ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. तो आणि ॲक्सल यांच्यात मोकळी जागा ७० मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ६०, आणि जोराचा दणका बसला तर तो दबून साधारण निम्मा होतो असं धरलं तर आणखी ३०. म्हणजे ॲक्सल वर जाऊन जाऊन १०० मिलिमीटर जाणार. त्या क्षणी शॉकअपच्या दोन टोकांत उरणार ४६० वजा १००, म्हणजे ३६०.

आता कसोटी अगदी साधी. शॉकअपची बंद लांबी ३६० पेक्षा कमी हवी, दहा-पंधरा मिलिमीटर हातचे ठेवूनच. जुन्या, मूळच्या शॉकअपची बंद लांबी होती ३४५. हातचे १५. नव्याची निघाली ३८२. म्हणजे रबराला ॲक्सल टेकल्यावर जेमतेम ८ मिलिमीटर पुढे गेला की शॉकअप आतून संपत होता. रबर नीट दबायच्या २२ मिलिमीटर आधीच दट्ट्या तळाला जाऊन आदळत होता. गाडी रिकामी असताना तिथवर पोचायची वेळ येत नव्हती, म्हणून दोन दिवस सगळं गोड वाटलं. माणसं आणि सामान भरल्यावर गाडी मुळातच खाली बसली, मोकळी जागा आटली आणि गतिरोधकाने उरलेलं काम केलं. असं होत राहिलं की झडप फुटते, दांडी वाकते, नाहीतर चॅसिसवरची पकडच उखडते. रबरी ठोकळा हा थांबण्यासाठी असतो. शॉकअप थांबण्यासाठी नसतो.

मग लांब शॉकअप बनवणारे बंद लांबी कमीच का ठेवत नाहीत? कारण दांडी नळीत मावली पाहिजे. माझ्या मूळ शॉकअपची उघडी लांबी ५६५, बंद ३४५, धाव २२०. म्हणजे डोळा, दट्ट्या, तळची झडप, सील यांत १२५ मिलिमीटर मृत लांबी गेली. नव्याची उघडी ६४०, बंद ३८२, धाव २५८, मृत लांबी १२४. दोघांची मृत लांबी जवळपास सारखीच. धाव वाढली की बंद लांबीही वाढणारच, त्यातून सुटका नाही. उचललेल्या गाडीत ॲक्सल खाली गेलेला असतो आणि बहुतेकदा ठोकळाही खाली आणलेला असतो, त्यामुळे तिथे ही वाढ पचते. न उचललेल्या गाडीत "जरा लांब घेतला तर काय बिघडलं" याचं उत्तर ते ठक्क आहे.

उलट्या टोकाचंही तितकंच. चाक खोल खड्ड्यात लटकतं तेव्हा शॉकअप ताणला जातो. अनेक अखंड ॲक्सलच्या गाड्यांत ॲक्सलला खाली जाताना अडवणारी गोष्ट शॉकअप हीच असते. तिथे फार लांब शॉकअप लावला तर ॲक्सल जास्त खाली जातो. कॉइल स्प्रिंग बैठकीतून सुटते, ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणली जाते, ॲक्सलला इंजिनाचा जोर पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा नको त्या कोनात जातो. फार आखूड लावला तर प्रत्येक खड्ड्यात ॲक्सलचं आणि चाकाचं वजन शॉकअपच्या डोळ्याला लटकतं, आणि तो डोळा एक दिवस तुटतो. उचललेल्या गाडीला मूळचेच शॉकअप ठेवले तर नेमकं हे होतं. स्प्रिंगने ॲक्सल खाली ढकललेला, खाली जायला शॉकअपमध्ये वावच उरलेला नाही.

हे तपासायला चॅसिस जॅकवर घ्यायची, घोडे (आधाराचे स्टँड) लावायचे, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही. मग खालचा बोल्ट काढून ॲक्सल दुसऱ्या जॅकने हळूहळू खाली सोडायचा. ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर सैल आहे तोवरची लांबी हीच शॉकअपच्या उघड्या लांबीची वरची हद्द.

मोजताना एक खोच आहे. दोन्ही टोकांना डोळे असतील तर मधल्या भोकाच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजतात. एका टोकाला आटे पाडलेली दांडी असेल तर दांडीच्या टोकापासून मोजायचं नाही. ज्या पायरीवर वॉशर टेकतो तिथून मोजायचं. हे चुकलं की दोन शॉकअपच्या आकड्यांत तीस-चाळीस मिलिमीटरचा खोटा फरक दिसतो आणि माणूस नको तो शॉकअप निवडतो.

शॉकअप तिरके असतील तर ॲक्सल १०० हलला म्हणून शॉकअप १०० हलत नाही. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल तर साधारण ८७ मिलिमीटर हलतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत तर शॉकअप खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी धरलेला असतो. चाक १०० हललं की तो पन्नास-साठच हलतो. म्हणूनच पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर २५ मिलिमीटरची चकती घातली की गाडी तिथे जवळपास दुप्पट उचलते. अशी चकती घालणं स्वस्त पडतं हे खरं, पण त्याने शॉकअपची बंद आणि उघडी दोन्ही टोकं खाली सरकतात, धाव तेवढीच राहते आणि लटकत्या चाकाचा ताण चाक आणि आर्म जोडणाऱ्या बॉल जॉइंटवर जातो. मला स्वतःला हा उपाय आवडत नाही. उचलायचीच असेल तर स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉकअप एकत्र घ्यावा.

पकडी

डोळ्याचं बुश दिसायला सारखं असतं. आतल्या पोलादी नळीचं भोक १२ मिलिमीटरचं आहे की १४ चं, आणि तिची रुंदी किती, हे कॅलिपरने बघा. १४ च्या भोकात १२ चा बोल्ट छान सरकतो, आवळलाही जातो, आणि महिन्याभरात खटखट सुरू होते. मग लोक शॉकअपला शिव्या देतात. रुंदी एक-दोन मिलिमीटर कमी असेल तर ब्रॅकेटचे कान आवळून जवळ आणण्याचा मोह होतो, तोही टाळावा. काही गाड्यांत डोळ्यातून आरपार आडवी पट्टी असते आणि तिच्या दोन टोकांना बोल्ट, तिथे दोन भोकांमधलं अंतर मोजायचं.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल तर प्रकरण बरंच काटेकोर होतं, कारण तिथे शॉकअप हा सस्पेन्शनच्या सांगाड्याचाच भाग असतो. चाकाला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या दोन भोकांमधलं अंतर, स्प्रिंगच्या ताटलीचा व्यास आणि उंची, स्टॅबिलायझर लिंकचा कान, ब्रेकच्या नळीची खुंटी, एबीएस वायरची क्लिप, सगळं जागच्या जागी हवं. डावा आणि उजवाही वेगळा असतो. इथे "थोडंसं घासून बसवू" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. त्या ब्रॅकेटवर चाकाचा कोन ठरतो.

नळीची जाडीही विसरू नये. जाड नळीत तेल जास्त मावतं, ते सावकाश तापतं, म्हणून बाहेरच्या कंपन्या जाडीची जाहिरात करतात. पण ती नळी कॉइल स्प्रिंगच्या आतून जाणार असेल किंवा टायरच्या शेजारून, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि चाक वर दाबून किती जागा उरते ते पाहायला हवं.

न दिसणारं जुळणं

लांबी आणि पकडी टेपने मोजता येतात. झडपांचा जोर मोजता येत नाही, आणि गाडी चालवताना कळतं ते हेच.

शॉकअप दबताना आणि ताणला जाताना वेगवेगळा जोर लावतो. साध्या रस्त्यावरच्या गाडीत ताणाच्या दिशेचा जोर बराच जास्त ठेवलेला असतो, दुप्पट-तिप्पट वगैरे, कारण दबलेली स्प्रिंग उसळते तेव्हा तिला लगाम घालायचा असतो. दबताना मात्र चाकाला झटकन वर जाऊ द्यायचं असतं, नाहीतर प्रत्येक दगड थेट पाठीत लागतो. बिल्स्टाइनच्या काही शॉकअपच्या माहितीत २५५/७० अशी जोडी दिसते. त्याचा अर्थ असा, की दट्ट्या सेकंदाला ०.५२ मीटर वेगाने हलताना ताणाच्या दिशेने २,५५० न्यूटन आणि दबण्याच्या दिशेने ७०० न्यूटन जोर. असे आकडे देणारी कंपनी मला आवडते. आपण ते वापरू शकलो नाही तरी दोन शॉकअप शेजारी ठेवून तुलना करता येते. "हेवी ड्यूटी" किंवा "ऑफरोड स्पेशल" या शब्दांतून काहीच कळत नाही.

नियम म्हणून एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ताणाचा जोर स्प्रिंगशी जुळायला हवा. स्प्रिंग मूळचीच आणि शॉकअप फार कडक, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरतं खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो. गाडी टप्प्याटप्प्याने खाली दबत जाते आणि शेवटी ठोकळ्यावर आदळते. उलट स्प्रिंग कडक घातली आणि शॉकअप मूळचेच ठेवले तर गाडी पुढच्या प्रत्येक उंचवट्यावर मान हलवत राहते. छतावर कॅरिअर, पुढे पोलादी बंपर आणि विंच, मागे कायमचा साठ-सत्तर किलोचा संसार असेल तर आधी त्या वजनाला स्प्रिंग ठरवावी आणि मग त्या स्प्रिंगला शॉकअप. ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीच्या ओल्ड मॅन एमूसारखे संच याच क्रमाने, वजन विचारून निवडायला लावतात, आणि तो क्रम कुठल्याही कंपनीच्या मालाला लागू आहे.

आता नळ्यांचे दोन प्रकार. बहुतेक गाड्यांत येतो तो दुहेरी नळीचा. आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर हलक्या दाबाचा नायट्रोजन. दांडी आत घुसली की तिच्या जागेइतकं तेल तळच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जातं. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेलाच्या पलीकडे एक तरंगता दट्ट्या आणि त्यामागे जबर दाबाचा नायट्रोजन असतो, साधारण २० ते ३० बार. फ्रेंच अभियंते बूर्सिए द कार्बों यांची ही रचना बिल्स्टाइनने १९५७ साली मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी कारखान्यात आणली. दाबामुळे तेलात फेस होत नाही, बाहेरची नळी नसल्याने उष्णता थेट हवेत जाते, आणि हा शॉकअप उलटाही लावता येतो. दुहेरी नळीचा उलटा लावलात तर दट्ट्याखाली हवा जाऊन तो निकामी होतो.

एकेरी नळीचे तोटे सांगायला विकणारे विसरतात. गॅसची खोली तेलाच्या रांगेतच असल्यामुळे मृत लांबी वाढते, म्हणजे तेवढ्याच बंद लांबीत धाव कमी मिळते. बाजूला वेगळी टाकी लोंबणारे शॉकअप येतात त्याचं एक कारण हेच, गॅस बाहेर काढला की आत जागा होते. नळीवर दगड बसून खोक पडली तर दुहेरी नळीचा बहुधा चालत राहतो, एकेरीतला दट्ट्या मात्र तिथेच अडकतो.

आणि हो, गॅसचा दाब दांडीला सतत बाहेर ढकलत असतो. दांडी १४ मिलिमीटर जाडीची धरली तर तिचं छेदाचं क्षेत्रफळ १५४ चौरस मिलिमीटर. २५ बारने, म्हणजे चौरस मिलिमीटरला २.५ न्यूटनने, गुणलं की सुमारे ३८५ न्यूटन, म्हणजे जवळपास ३९ किलोचा रेटा. दोन शॉकअप मिळून मागचा भाग काही मिलिमीटर वर येतो. "नव्या शॉकअपने गाडी उचलली" असं लोक सांगतात त्यामागे एवढंच आहे. भार पेलण्याची ती ताकद नव्हे.

आता तो महागातला अपवाद. काही एसयूव्हींत मागे स्वतःहून पातळी राखणारे शॉकअप येतात, साक्स कंपनीचा निवोमॅट हे त्यातलं जुनं नाव. गाडी चालताना होणाऱ्या हालचालीवरच ते आतल्या आत दाब तयार करतात आणि भरलेली गाडी वर उचलून धरतात. तिथे शॉकअप खरोखरच भार पेलतो, म्हणून त्या गाडीची स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेली असते. असे शॉकअप खराब झाले आणि तुम्ही साधे लावले, तर बोल्ट बसतील, लांबी जुळेल, आणि गाडी मागून बसलेल्या म्हशीसारखी दिसेल. साधे लावायचे असतील तर कडक स्प्रिंगही सोबत घालावी लागते. नळी नेहमीपेक्षा जाड दिसली तर आधी हे तपासा. शॉकअपला वायर जात असेल तर तो विजेवर जोर बदलणारा प्रकार आहे. त्याजागी साधा बसवला तर डॅशबोर्डवर दिवा लागणार, आणि तो विझवायला वेगळं उपकरण लागतं. एअर सस्पेन्शनवाल्यांनी तर संपूर्ण संचाचाच विचार करावा.

शोधायचं कसं

गाडीच्या नावापासून सुरुवात करू नका. एकाच नावाखाली टू व्हील ड्राइव्ह आणि फोर व्हील ड्राइव्ह, पाच आणि सात आसनी, हलकं आणि जड इंजिन अशा गाड्या निघतात, आणि वर्षाच्या मध्येच पकडी बदललेल्या असतात. १७ अक्षरी चॅसिस नंबरवरून कंपनीचा मूळ पार्ट नंबर काढायचा. जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल तर दोन्ही लिहून ठेवायचे. मग बाहेरच्या कंपनीच्या यादीत गाडीच्या नावाऐवजी हा नंबर शोधायचा. केवायबी, मनरो, कोनी, बिल्स्टाइन अशा कंपन्यांच्या याद्यांत मूळ नंबरावरून आपला नंबर शोधता येतो. गाडीवर आत्ता असलेल्या शॉकअपवरचा नंबर वाचून समाधान मानू नका. आधीच्या मालकाने तिथे काय लावलं असेल ते देवाला ठाऊक.

यादीतला बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. "लेव्हलिंग नसलेल्या गाड्यांसाठी", "अमुक महिन्यापासून पुढे", "स्पोर्ट सस्पेन्शन सोडून", "० ते २ इंच उचल". माझी चूक या शेवटच्यासारख्याच ओळीत होती, तिथे नुसतं "२ इंच उचल" होतं. ० ते २ इंच असं लिहिलेला शॉकअप दोन्ही टोकांना काठावर असतो, म्हणून तिथे आकडे मागायचेच. बंद लांबी, उघडी लांबी, कुठून कुठवर मोजली, बुशचं भोक आणि रुंदी. विकणारा हे देऊ शकत नसेल तर तो शॉकअप चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, तो निवडताच येत नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मूळ कंपनीचे सहा-सात वेगवेगळे पार्ट नंबर बाहेरची कंपनी कधी कधी एकाच शॉकअपमध्ये गुंडाळते. पाच आसनीला आणि सात आसनीला तोच. बसतो दोन्हींना, पण झडपा कुठेतरी मधल्या लावलेल्या असतात. रोजच्या वापराला हे चालून जातं. गाडी कायम भरलेली किंवा कायम रिकामी असेल तर फरक जाणवतो.

जोडी नेहमी एका ॲक्सलची एकत्र बदलावी. एक नवा, एक जुना असं ठेवलं तर वळणावर गाडी दोन बाजूंना दोन स्वभाव दाखवते. आणि बदलायची वेळ खरंच आली आहे का, तेही पाहावं. काही कंपन्या ८०,००० किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात, काही नुसती तपासणी करायला. नळीच्या वरच्या भागावर तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर धूळ दिसणं चालतं. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, किंवा टायरवर जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर मात्र वेळ झाली.

बसवताना

दुहेरी नळीचा शॉकअप खोक्यात आडवा पडून आलेला असतो, आत हवेचा बुडबुडा नको तिथे गेलेला असतो. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा, मधली पोकळ जागा नाहीशी होईपर्यंत. दांडी फिरू नये म्हणून तिला पक्कडीने धरू नका. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तर सील काही आठवड्यांत कापलं जातं. स्ट्रटची स्प्रिंग सोडवायची असेल तर योग्य कंप्रेसर आणि सवयीचा हात हवा. दबलेली स्प्रिंग निसटली तर हात-पाय मोडू शकते. नंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.

डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नयेत. रबरी बुश त्या लटकत्या स्थितीत जखडलं जातं, गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग टॉर्क पान्याने पूर्ण आवळा.

दुसऱ्या वेळी मी योग्य लांबीचे शॉकअप आणले तेव्हा आणखी एक उद्योग केला. बसवण्याआधी शॉकअप जमिनीवर टेकवून पूर्ण दाबला आणि दांडीचा किती भाग बाहेर उरतो ते मोजलं, ८ मिलिमीटर. बसवल्यावर उघड्या दांडीवर एक बारीक केबल टाय गुंडाळला, नळीच्या तोंडाला टेकेल असा. शॉकअप जितका दबेल तितका टाय दांडीवर वर ढकलला जातो आणि तिथेच थांबतो. पाच माणसं, तेच सामान, तोच गतिरोधक. धप्प असा मऊ आवाज आला. गाडी बाजूला घेतली, टॉर्च घेऊन खाली वाकलो. टायच्या वर दांडी २६ मिलिमीटर कोरडी होती. आठ वजा केले तर अठरा शिल्लक.